इंजेक्शनचं पाणी: साधी अँप्यूल की प्रिझर्व्हेटिव्हवाली व्हायल?

घरच्या रुग्णासाठी किंवा छोट्या दवाखान्यासाठी नागपूरच्या गांधीबागेतल्या दवा बाजारात इंजेक्शनचं पाणी, म्हणजे पावडरचं औषध विरघळवायचं पाणी, घ्यायला गेलात, तर आधी ठरवून जा. अँप्यूलमध्ये ५ किंवा १० मिली नुसतं निर्जंतुक पाणी असतं. बॅक्टेरिओस्टॅटिक वॉटरची व्हायल बहुधा ३० मिलीची, रबरी बुचाची, त्यात जंतूंची वाढ रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ०.९ टक्के बेंझाइल अल्कोहोल असतं.

रोजच्या कामाला अँप्यूलच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फोडली, पावडर विरघळवली, उरलेलं टाकून दिलं. उरलेलं पाणी सिरिंजमध्ये भरून संध्याकाळच्या डोससाठी ठेवणं धोक्याचं आहे, कारण त्यात जंतूंना रोखणारं काहीच नसतं.

व्हायल उपयोगी पडते ती एकाच औषधातून अनेक डोस काढायचे असतात तेव्हा. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबचंच बघा. ४४० मिग्रॅच्या पॅकसोबत बेंझाइल अल्कोहोलचं पाणी येतं आणि त्यात तयार केलेलं औषध २ ते ८ अंशांत २८ दिवस चालतं. रुग्णाला बेंझाइल अल्कोहोलची ॲलर्जी असली तर साधं पाणी घ्यावं लागतं. मग औषध लगेच वापरायचं आणि उरलेलं, कितीही महाग असो, टाकायचं.

हे २८ दिवस सगळ्या औषधांना लागू होत नाहीत. पाण्याची व्हायलही २८ दिवसच वापरायची, ते पहिली सुई टोचल्यापासून मोजायचे, म्हणून तारीख तेव्हाच मार्करने लिहा. तयार औषध किती टिकेल, ते त्या औषधाच्या कागदावर वाचा. बेंझाइल अल्कोहोल जंतूंची वाढ रोखतं, निष्काळजीपणा भरून काढत नाही. दरवेळी नवी सुई, नवी सिरिंज; बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यायचं.

नवजात बाळासाठी मात्र ही व्हायल हातातही घेऊ नका. बेंझाइल अल्कोहोलमुळे वेळेआधी जन्मलेली बाळं दगावल्यावर अमेरिकेत १९८२ मध्ये तसा इशारा द्यावा लागला होता. पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनलाही ती वर्ज्य. लसीला तर दोन्ही चालत नाहीत, तिच्यासोबत आलेलंच द्रावण वापरायचं. आणि औषध न मिसळता यातलं कुठलंही पाणी शिरेत देऊ नये, रक्तपेशी फुटतात.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. बाजारातली बाकी कामं आधी उरका, पाणी शेवटी घ्या. स्कूटरच्या डिक्कीत तापत ठेवू नका.