जुन्या उबुंटूवर २ टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयातील जुने दिवाळी अंक आणि दाखल रजिस्टरे स्कॅन करण्याचे काम माझ्याकडे आहे. ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) ए-४ आकाराचे एक रंगीत पान असंपीडित टिफ स्वरूपात सुमारे १०४ मेगाबाइट जागा घेते, त्यामुळे दीडशे पानांचा एकच अंक साडेपंधरा गिगाबाइटच्या घरात जातो. ज्या संगणकावर हे काम चालते त्यावर आजही उबुंटू १६.०४ ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली आहे, कारण स्कॅनरचा ड्रायव्हर पुढच्या आवृत्त्यांवर मला चालवता आला नाही. या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, एप्रिल २०२१ मध्ये संपला असल्याने एखादे पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) हवे असेल तेवढ्यापुरतीच त्याला इंटरनेटची वायर जोडतो. अशा संगणकासाठी आठ महिन्यांपूर्वी ही अडीच इंची, २ टेराबाइटची डिस्क घेतली. आज मी तिच्यावर समाधानी आहे, पण पहिले दीड महिना मी ती परत करण्याच्याच विचारात होतो.

डिस्क कारखान्यातून एक्सफॅट या फाइल प्रणालीत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) आली होती आणि जोडताच फाइल प्रणाली अनोळखी असल्याचा संदेश आला. यात डिस्कचा दोष नव्हता. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, एक्सफॅटचा आधार प्रथम ५.४ आवृत्तीत, २०१९ च्या अखेरीस आला, आणि १६.०४ बरोबरचा मूळ कर्नेल ४.४ आहे. 'एक्सफॅट-फ्यूज' आणि 'एक्सफॅट-यूटिल्स' ही दोन पॅकेजे घातल्यावर डिस्क उघडली. तरीही मी एक्सफॅट ठेवले नाही, कारण त्यात जर्नल (होणाऱ्या बदलांची आधीच ठेवलेली नोंद) नसते आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. लिहिणे अर्धवट राहिल्यास निस्तरायला जर्नलचा आधार असलेली लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली मला अधिक योग्य वाटली.

खरा त्रास यानंतर सुरू झाला. छोट्या फाइली व्यवस्थित जात, पण तीस-चाळीस गिगाबाइटची प्रत सुरू केली की दहा-पंधरा मिनिटांत डिस्क थबकत असे, कधी पुन्हा चालू होई, तर कधी नाहीशी होऊन वेगळ्याच नावाने परत येई. मी केबल बदलली, पुढचे पोर्ट सोडून मदरबोर्डवरचे मागचे पोर्ट वापरले, वीज कमी पडते का तेही पाहिले. यूएसबी ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देणे अपेक्षित असते आणि एवढा या डिस्कला पुरायला हवा होता. 'स्मार्टसीटीएल' या साधनाने डिस्कचे आरोग्य तपासले, तर बदललेले सेक्टर (खराब झाल्याने वगळलेले डिस्कचे तुकडे) शून्य आणि प्रलंबित, म्हणजे संशयित, सेक्टरही शून्य. यूएसबी २.० पोर्टवर मात्र ती रात्रभर न अडखळता चालली, आणि त्यामुळेच माझी दिशाभूल झाली: दोष यूएसबी ३.० च्या केबलमध्येच आहे असे समजून मी आणखी एक केबल विकत आणली.

उत्तर कर्नेलच्या नोंदींमध्ये पहिल्या दिवसापासून होते. डिस्क थबकली त्याच क्षणी 'डीमेसेज' या आज्ञेने त्या नोंदी पाहिल्या, तर यूएएस ड्रायव्हरने आज्ञा रद्द केल्याच्या ओळी आणि त्यांच्या मागोमाग उपकरण रीसेट झाल्याच्या ओळी एकापाठोपाठ एक दिसत होत्या. यूएएस म्हणजे यूएसबी अटॅच्ड स्कझी, यूएसबीवरून डिस्कला आज्ञा देण्याची नवी पद्धत. जुन्या पद्धतीत डिस्कला एका वेळी एकच आज्ञा दिली जाते, तर यूएएसमध्ये अनेक आज्ञा एकदम रांगेत लावता येतात. डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या सगळ्याच चिपना हे नीट जमत नाही, आणि कोणत्या चिपसाठी यूएएस टाळायचे याची कर्नेलमधली यादी नव्या आवृत्त्यांमध्ये वाढत गेली आहे. माझी चिप ४.४ च्या यादीत नसावी.

उपाय एका ओळीचा निघाला. 'एलएसयूएसबी' या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेतून डिस्कचे निर्माता आणि उत्पादन हे दोन क्रमांक घेतले, ड्रायव्हरच्या सेटिंगसाठी असलेल्या 'मॉडप्रोब' संचिकेत एक फाइल करून यूएसबी-स्टोरेज या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरच्या 'क्वर्क्स' (उपकरणाच्या खोडी) पर्यायात ते लिहिले आणि शेवटी 'यूएएस टाळा' अशा अर्थाचे 'यू' हे अक्षर जोडले. त्यानंतर इनिटरामएफएस (सुरू होताना कर्नेलबरोबर चढणारा फाइलींचा गठ्ठा) नव्याने बांधून संगणक पुन्हा सुरू केला. बदल लागू झाला की नाही हे 'एलएसयूएसबी'च्या वृक्षरूप यादीत लगेच कळते, कारण तिथे यूएएसच्या जागी यूएसबी-स्टोरेज दिसू लागते. त्या दिवसापासून आजपर्यंत डिस्क एकदाही तुटलेली नाही. सलग लिहिण्याचा वेग माझ्या मोजणीत सेकंदाला ११० मेगाबाइटवरून १०४ वर आला. फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठी हा तोटा मला अगदी किरकोळ वाटतो.

दुसरी अडचण मी स्वतःच ओढवून घेतली होती. घाईत ही डिस्क मी पुतणीच्या लॅपटॉपवर, नव्या उबुंटूमध्ये, ईएक्सटी४ केली होती. जुन्या संगणकावर ती उघडत होती आणि लिहितही होती, पण वीज गेल्यानंतर 'एफएससीके' हे फाइल प्रणाली तपासण्याचे साधन चालवले तेव्हा त्याने 'मेटाडेटा_सीसम' हे (फाइल प्रणालीच्या नोंदींची बेरीज पडताळण्याचे) वैशिष्ट्य माहीत नसल्याचे सांगून तपासणीच नाकारली. तीन महिन्यांचे काम त्या डिस्कवर असल्याने मी फार घाबरलो होतो. कारण असे की ईएक्सटी४ बनवणाऱ्या-तपासणाऱ्या साधनांच्या ई२एफएसप्रॉग्ज या संचात, २०१६ मध्ये आलेल्या १.४३ आवृत्तीपासून, हे वैशिष्ट्य आपोआप चालू ठेवले जाते आणि १६.०४ मध्ये १.४२.१३ आवृत्ती आहे. म्हणजे कर्नेलला जे समजते ते तपासणीच्या साधनाला समजत नाही. मी डिस्क लॅपटॉपवर तपासून घेतली, सगळा मजकूर दुसरीकडे उतरवला आणि जुन्याच संगणकावर ती नव्याने ईएक्सटी४ केली. ज्यांचा संगणक जुना आहे त्यांनी फॉरमॅट त्याच संगणकावर करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

डिस्क कायम जोडलेली राहावी म्हणून 'एफएसटॅब' या जोडायच्या डिस्कच्या यादीत नोंद करताना यूयूआयडी (डिस्कची न बदलणारी ओळख) वापरावा आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) हा शब्द विसरू नये. मी तो विसरलो होतो आणि एकदा डिस्क न जोडता संगणक सुरू केला, तेव्हा तो दीड मिनिट थांबून आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर गेला. प्रत पूर्ण झाल्याचे दिसल्यावरही डिस्क लगेच ओढू नये, कारण बराचसा मजकूर तोवर मेमरीतच असतो. माझ्याकडे अनमाउंट व्हायला (डिस्क सुरक्षितपणे सोडवायला) कधी कधी तीन मिनिटे लागतात.

डिस्कविषयी माझ्या दोन तक्रारी उरल्या आहेत. सोबत आलेली केबल जेमतेम हातभर लांबीची आहे, आणि काही मिनिटे काम नसले की तबकडी थांबते, मग पुढचे पान साठवताना पाच-सहा सेकंद वाट पाहावी लागते. स्कॅन करताना हे खटकते. बाकी आजवर १.३ टेराबाइट भरले आहे, बदललेले सेक्टर अजूनही शून्य आहेत, आणि याच मॉडेलची दुसरी डिस्क मी मागच्या आठवड्यात दुसऱ्या प्रतीसाठी घेतली. तिचे फॉरमॅट जुन्या संगणकावरच केले आणि क्रमांक तेच असल्याने क्वर्क्सची नोंद तिलाही आपोआप लागू झाली.