एका लयीत चालायचं की तीन-तीन मिनिटांनी वेग बदलायचा?

मनगटावरचं घड्याळ रोज दहा हजार पावलांची शाबासकी देतं आणि तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचताना कठडा धरावा लागतो, अशांसाठी हे लिहितोय.

हा दहा हजारांचा आकडा आला 1965 साली जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून. मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा वाईट नाही, पण त्यात वेगाला जागाच नाही. भाजीची पिशवी घेऊन रमतगमत आलात तरी तो भरतो.

वेगाचा हिशेबही जपानमध्येच मांडला गेला. मात्सुमोतोच्या शिनशू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांची पद्धत अशी: तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश, असे निदान पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 246 जण होते, सरासरी वय 63. काही जण एकाच मध्यम वेगाने दिवसाला आठ हजारांच्या वर पावलं चालले, काही तीन-तीन मिनिटांच्या पद्धतीने. पाच महिन्यांनी दुसऱ्यांची गुडघा सरळ करायची ताकद 13 टक्क्यांनी आणि दुमडायची 17 टक्क्यांनी वाढली होती. वरचा रक्तदाबही त्यांचाच जास्त उतरला. जिना चढायला हीच ताकद लागते, एका लयीत चालणाऱ्यांच्या पायांत ती फारशी वाढली नाही.

मधुमेह असेल तर 2013 सालचा डेन्मार्कचा अभ्यास बघा. तिथे दोन्ही गटांनी सारखीच ऊर्जा खर्च केली होती, तरी चार महिन्यांत साखर सुधारली आणि वजन चार किलोंच्या वर उतरलं ते वेग बदलत चालणाऱ्यांचंच.

मग साधं चालणं सोडायचं का? मी सोडलेलं नाही. गुडघे कुरकुरत असतील, वर्षानुवर्षं चालणंच झालं नसेल, तर सुरुवात त्यानेच करावी. हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेग वाढवू नये. शिवाय सकाळचं मित्रमंडळ एका लयीतच टिकतं. वेगाच्या तीन मिनिटांत गप्पा मारता येत नाहीत, आणि येत असतील तर तुम्ही पुरेसे झपझप चालत नाही आहात. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, की वेग बरोबर समजायचा. त्यासाठी वेगळं घड्याळ नको.

वेळ कमी आणि पाय धड असतील, तर माझं मत तीन-तीन मिनिटांना. नोसे यांच्याच गटाने 2019 साली 679 जणांची आकडेवारी मांडली. दमसास किती वाढला हे एकूण चालण्यापेक्षा झपझप चाललेल्या मिनिटांवर ठरत होतं, आणि आठवड्याला साधारण 50 मिनिटांपर्यंत फायदा वाढत गेला. म्हणजे सलग जमलं नाही तर सकाळी तीन फेरे, संध्याकाळी दोन केले तरी हिशेब जुळतो.

आमच्या मैदानाला झपझप एक फेरी मारायला जवळपास तीन मिनिटंच लागतात. सोबतचे काका पुतणीच्या लग्नाच्या हॉलचं भाडं सांगायला लागतात, "दीड... लाख..." एवढंच निघतं, आणि जेवणाचा खर्च सावकाश फेरीसाठी राखून ठेवतात.