‘ट्रान्स ओळख घटतेय’ सांगणारा अमेरिकी अहवाल: कोल्हापुरातल्या कॉलेजांना आणि पालकांना किती कामाचा?

राज्यशास्त्राचे प्राध्यापक एरिक कॉफमन यांचा हा अहवाल ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रिटनमधल्या बकिंगहॅम विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्रातून बाहेर पडला. अमेरिकेतल्या तरुणांमध्ये स्वतःला ट्रान्स (जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले) किंवा क्वीअर (लिंग आणि आकर्षणाच्या रूढ चौकटींत न बसणारे) म्हणवणाऱ्यांचं प्रमाण उतरतंय, हा त्याचा दावा. अहवाल फुकट मिळतो, पण फक्त इंग्रजीत. कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर आणि स्टाफरूममध्ये त्यातलं एकच वाक्य पोचलंय: ‘अमेरिकेत हे फॅड संपलं.’ त्या वाक्यावर विसंबून कुणी घरातल्या पोराला गप्प बसवत असेल, तर मूळ माल तपासून घ्यायलाच हवा. आमचे गुण पाचपैकी तीन. विषय महत्त्वाचा, आकडे मोठे, पण शीर्षक आतल्या पुराव्याच्या पुढं धावलंय.

आधी आत काय आहे ते. अहवालाचा कणा म्हणजे ‘फायर’ या अमेरिकी संस्थेचं दरवर्षीचं विद्यार्थी सर्वेक्षण. ते कॉलेजमधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी केलं जातं. लिंगओळखीचा प्रश्न त्यात वय, वर्ग, वंश यांच्यासारखा माहितीच्या रकान्यात येतो. पुरुष किंवा स्त्री यापेक्षा वेगळा पर्याय निवडणारे 2022 आणि 2023 मध्ये 6.8 टक्के होते, 2024 मध्ये 5.2 आणि 2025 मध्ये 3.6. म्हणजे दोन वर्षांत जवळपास निम्मे. जोडीला दोन छोटे आधार दिलेत. मॅसॅच्युसेट्समधल्या फिलिप्स अकॅडमी, अँडोव्हर या शाळेत हा आकडा 2023 मध्ये 9.2 टक्के होता, तो 2025 मध्ये 3 वर आला. ब्राऊन विद्यापीठात 5 वरून 2.6 वर. अँडोव्हर ही अकराशेच्या आसपास मुलांची महागडी निवासी शाळा आणि ब्राऊन अमेरिकेतल्या सर्वात निवडक विद्यापीठांपैकी एक. कॉलेजांच्या मोठ्या आकड्याला दुजोरा म्हणून ते ठीक आहेत, एकटे वापरण्याजोगे नाहीत.

नमुन्याचा आकार ही या अहवालाची खरी जमेची बाजू. 2024 मध्ये 58 हजारांहून जास्त आणि 2025 मध्ये 68 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. 68 हजारांत 3.6 टक्के आले, तर निव्वळ योगायोगानं होणारी चूक साधारण 0.14 टक्क्याची. तेव्हा 6.8 वरून 3.6 हा फरक नशिबाचा खेळ नाही. आता हेच गणित कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या 200 उत्तरांवर करून बघा. 3 टक्के म्हणजे सहा मुलं, आणि चुकीची मर्यादा वर-खाली 2.4 टक्के. पुढच्या वर्षी तिथं दोनच मुलं सापडली तर ‘घट’ म्हणून ओरडायला काहीही आधार नसतो. हजार उत्तरं असली तरी 3 टक्क्यांचा अर्थ दोनपासून चारपर्यंत कुठंही.

नमुना मोठा असला म्हणजे सगळ्या चुका जात नाहीत. या सर्वेक्षणातली कॉलेजांची यादी दरवर्षी तीच नव्हती. 2020 मध्ये 55 कॉलेजं, 2021 मध्ये 159 आणि 2025 मध्ये 257. सुरुवातीची वर्षं नंतरच्या वर्षांशी थेट जोडून आलेख काढला तर मुलं बदलली की कॉलेजं बदलली, हे कळत नाही. 2023 पासून यादी अडीचशेच्या घरात स्थिरावलीय आणि मोठी घसरण नेमकी त्यानंतरची आहे, म्हणून ती आम्ही गंभीरपणे घेतो. दुसरी गोष्ट, हे विद्यार्थी ‘कॉलेज पल्स’ या कंपनीच्या ऑनलाइन पॅनेलमधून येतात. अशा पॅनेलचे आकडे वापरताना भार लावावा लागतो, म्हणजे नमुन्यात जे जास्त आले त्यांचं वजन कमी आणि जे कमी आले त्यांचं जास्त. कच्ची टक्केवारी आणि भारित टक्केवारी शेजारी ठेवल्याशिवाय अशा अहवालातला एकही आलेख पुढं पाठवू नये.

सर्वात मोठी अडचण प्रश्नातच आहे. ‘तुमचं लिंग काय?’ असं एकाच ओळीत विचारून पुरुष, स्त्री आणि नॉन-बायनरी (स्वतःला पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही असं मानणारे) यांसारखे पर्याय दिले, तर ट्रान्स बाई ‘स्त्री’वर खूण करते आणि ट्रान्स पुरुष ‘पुरुष’वर. दोघंही मोजणीतून गायब होतात. म्हणजे 6.8 ते 3.6 ही घसरण मुख्यतः नॉन-बायनरी म्हणवणाऱ्यांची आहे. ट्रान्स मुलंमुली किती आणि त्यांचं काय झालं, हे या रकान्यातून निघत नाही. तरी शीर्षकात ‘ट्रान्स’ शब्द आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढाच फिरतो. हे चुकीचं आहे, आणि आमचे दोन गुण इथंच गेले.

मग घट झालीच नाही का? झाली असावी. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी यांनी वेगळं, देशव्यापी निवडणूक सर्वेक्षण तपासलं. त्यात ट्रान्स आहात का, हे स्वतंत्र विचारलं जातं. तिथंही 18 ते 22 वयोगटात 2022 नंतर 2024 पर्यंत उतार दिसला. दोन वेगळी साधनं एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते झटकून टाकू नये. ‘ट्रम्प यांच्या भीतीनं मुलं लपली’ एवढ्या एका वाक्यातही हे बसत नाही. 6.8 वरून 5.2 ही घसरण 2024 च्या सर्वेक्षणातली, म्हणजे त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीच्या आधीची. 2025 च्या आकड्यात मात्र भीतीचा वाटा असू शकतो. किती, ते या विदेतून, म्हणजे डेटातून, वेगळं काढता येत नाही.

अहवालातला सर्वात उपयोगी भाग बातम्यांत कमी आला, तो पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेचा. 2022-23 च्या सुमारास नवे विद्यार्थी जुन्यांपेक्षा जास्त संख्येनं अशी ओळख सांगत होते. 2024-25 मध्ये हे उलटं झालं. कॉफमन यावरून पुढच्या वर्षांत आणखी घट होईल असा अंदाज बांधतात. कारणं शोधताना त्यांनी राजकीय मत, धर्म आणि सोशल मीडियाचा वापर तपासला. यातल्या कशातही मोठा बदल नाही, मानसिक आरोग्य सुधारल्याचा थोडा वाटा दिसतो, असं ते म्हणतात. समलैंगिक मुलामुलींचं प्रमाण फारसं हललं नाही, घट उभयलिंगी आकर्षण आणि क्वीअर या गटांत आहे, हेही त्यात नोंदवलंय. ‘सगळंच ओसरलं’ असं सांगणाऱ्यांनी हे पान वाचलेलं नसतं. आणि ही लाट एखाद्या फॅशनसारखी ओसरतेय, हा कॉफमन यांचा निष्कर्ष त्यांच्याच आकड्यांतून आपोआप निघत नाही. ते त्यांचं मत आहे.

याच किमतीत, म्हणजे फुकट, मिळणारे दुसरे स्रोत कसे आहेत? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2023 मध्ये नववी ते बारावीच्या वीस हजारांवर मुलांना पहिल्यांदाच देशपातळीवर हा प्रश्न थेट विचारला. 3.3 टक्के मुलं ट्रान्स म्हणाली, 2.2 टक्के साशंक. प्रश्नाची बांधणी आमच्या मते सर्वोत्तम. आधी एका वाक्यात अर्थ सांगितला, मग हो, नाही, खात्री नाही, आणि चौथा पर्याय ‘प्रश्न काय विचारतोय ते कळलं नाही’. तोट्याची बाजू अशी, की एकाच वर्षाचा आकडा असल्यानं त्यावरून चढ-उतार सांगता येत नाही, आणि 2025 च्या जानेवारीतल्या ट्रम्प यांच्या आदेशानंतर अनेक सरकारी सर्वेक्षणांतून असे प्रश्नच काढले गेले. कॅलिफोर्नियातल्या विल्यम्स इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा ट्रान्स लोकांविषयीचा ऑगस्ट 2025 चा अंदाज 13 ते 17 वयात 3.3 टक्के, प्रौढांत 0.8 टक्के. त्यांचाच 2022 चा अंदाज किशोरांसाठी 1.4 टक्के होता. पण दोन्हींची विदा वेगळी, म्हणून ‘तीन वर्षांत दुप्पट’ म्हणणं हे ‘निम्मं झालं’ म्हणण्याइतकंच घाईचं.

इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेकडे कोल्हापुरात जास्त लक्ष द्यायला हवं. तिथं विचारलं होतं: तुमची लिंगओळख जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळते का? ‘नाही’ म्हणणारे 0.5 टक्के, सुमारे 2,62,000. पण सर्वात मोठी टक्केवारी आली लंडनच्या न्यूहॅम आणि ब्रेंट या भागांत, जिथं घरी दुसरी भाषा बोलणारे पुष्कळ आहेत. ज्यांचं इंग्रजी कच्चं, त्यांच्यातले काही प्रश्नच उलटा समजले असावेत, अशी शंका आली, आणि 2024 मध्ये या आकडेवारीचा अधिकृत दर्जा खाली आणला गेला. यामागचं गणित साधं आहे. 2,000 मुलांच्या कॉलेजात खरोखर 20 ट्रान्स विद्यार्थी आहेत असं धरा. उरलेल्या 1,980 पैकी नुसत्या एक टक्क्यानं चुकून भलती खूण केली, तरी आणखी 20 जमा होतात आणि आकडा दुप्पट दिसतो. पुढच्या वर्षी प्रश्न सोपा करून विचारला की तो निम्मा होणार. गट जेवढा लहान, तेवढी ही चूक भारी.

आता इथलं. कोल्हापूर, सांगली, सातारा या शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या तरुणांविषयी हा अहवाल एक अक्षरही सांगत नाही, आणि त्यावरून काही सांगूही नये. भारतात हाताशी असलेला मोठा आकडा 2011 च्या जनगणनेतला: ‘इतर’ रकान्यात देशभर 4,87,803, महाराष्ट्रात 40,891. देशभरातल्या आकड्यातले 54,854 जण सहा वर्षांपर्यंतची बाळं होती, म्हणजे खूण त्यांच्या वतीनं घरच्यांनी किंवा प्रगणकानं केलेली. तरुणांच्या स्वतःच्या ओळखीचं हे माप नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल 15 एप्रिल 2014 चा. स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याच्या हक्काला त्या निकालानं मान्यता दिली, ती जनगणनेनंतर तीन वर्षांनी. इथं आणखी एक पेच आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला देह वाहिलेला जोगता आंबील यात्रेत ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात सगळ्यांसमोर साडी नेसून उभा असतो, पण कॉलेजच्या फॉर्मवर ‘ट्रान्सजेंडर’ या चौकटीत खूण करेलच असं नाही. उलट प्रत्येक जोगता ट्रान्स असतोच असंही नाही. अमेरिकी पर्यायांची यादी जशीच्या तशी उतरवली तर ही माणसं मोजणीतून निसटतात.

तरीही एखाद्या कॉलेजला स्वतःची पाहणी करायची असेल, तर अहवालाच्या चुकांवरून शिकून ती अशी बांधावी. प्रश्न दोन ठेवा. पहिला: जन्माच्या वेळी तुमची नोंद मुलगा अशी झाली, मुलगी अशी, की आणखी काही? दुसरा: आज तुम्ही स्वतःला काय मानता? दुसऱ्याखाली पुरुष, स्त्री, ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, तृतीयपंथी किंवा किन्नर, जोगता किंवा जोगतीण, यापैकी काहीच नाही, अजून ठरलेलं नाही, सांगायचं नाही, आणि प्रश्न कळला नाही. एकापेक्षा जास्त खुणा चालतील असं ठळक लिहा. दोन्ही उत्तरं एकत्र लावली की चुकीच्या खुणा बऱ्याच प्रमाणात पकडता येतात. आधी 15-20 जणांवर फॉर्म चालवून बघा. ‘प्रश्न कळला नाही’वर दोन-तीन खुणा आल्या तर वाक्यरचना बदला.

गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा, आणि ‘एकाच उत्तराची मर्यादा’ही लावू नका. ती लावली की लॉगिन करावं लागतं, स्क्रीनवर स्वतःचं खातं दिसतं आणि घाबरलेलं मूल खोटं उत्तर देतं किंवा पान बंद करतं. दोनदा भरणाऱ्यांचा धोका त्यापेक्षा लहान. हजेरी क्रमांक नको. विभाग, वर्ष आणि वसतिगृह हे तिन्ही एकत्र विचारू नका. तृतीय वर्ष, भूगोल, अमुक वसतिगृह एवढ्यावरून पोर ओळखू येतं. वर्गात मोबाइल काढून सगळ्यांसमोर भरायला लावणं तर अजिबात नको, शेजारच्या बाकावरून सगळं दिसतं.

अकरावी-बारावीला हा प्रश्न विचारूच नये असं आमचं स्पष्ट मत. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि ‘अशा’ पाहणीसाठी संमतीचा कागद घरी गेला की ज्या मुलाला विचारायचं त्याचीच चौकशी घरात सुरू होते. आकडा मिळेल, पण त्याची किंमत ते मूल भरेल.

पालकांसाठी हा अहवाल विकत काय, फुकटही घेण्याची गरज नाही. टक्केवारी 6.8 असो की 3.6, समोर बसलेल्या एका मुलाबद्दल ती काही सांगत नाही. मूल काही सांगू पाहत असेल तर समुपदेशकाकडे न्या, मात्र ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मानसशास्त्राच्या आणि संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी मात्र तो जरूर वर्गात न्यावा. प्रश्नाची बांधणी, बदलता नमुना, भार, आणि पहिल्या-शेवटच्या वर्षाच्या तुलनेतला वय की पिढी हा गोंधळ, असे चार धडे एकाच पीडीएफमध्ये मिळतात. सोबत सीडीसीचा प्रश्न छापून द्या आणि विद्यार्थ्यांना दोन्हींची तुलना करायला लावा.

पाहणी केलीच, तर दहापेक्षा कमी उत्तरं असलेला गट अहवालात वेगळा छापू नका, मोठ्या गटात मिसळा. आणि प्रश्नातला शब्द न बदलता निदान तीन वर्षं तोच फॉर्म चालवा. ‘वाढ’ किंवा ‘घट’ हा शब्द त्यानंतरच फलकावर लिहा.