कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरची हायड्रॉलिक गळती : १४ महिने आणि ६३० तासांनंतरचा अनुभव

२५ अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला आणि पुढे लोडर (माती उचलण्याचे बादलीवाले हात) बसवलेला कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर मी १४ महिन्यांपूर्वी घेतला. मीटरवर आज ६३० तास दिसतात. इंजिन, क्लच आणि ब्रेक यांच्याबद्दल तक्रार करावी असे काही घडलेले नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने, मात्र या काळात चार वेळा त्रास दिला. त्यांपैकी दोन वेळा मी चांगला भाग काढून टाकून त्या जागी नवा बसवला आणि गळती होती तिथेच राहिली. एकदा तर तोच भाग दोनदा बदलून झाला. यंत्रात जेवढी खोट होती, तिच्यापेक्षा अधिक खोट माझ्या शोधण्याच्या पद्धतीत होती, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

या आकाराच्या बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक तेलाची वेगळी टाकी नसते. गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, लिफ्ट (मागचे अवजार उचलणारे हात) आणि पॉवर स्टिअरिंग ही सगळी एकाच तेलावर चालतात, आणि गिअरबॉक्सचे घर हीच तेलाची टाकी असते. त्यामुळे जमिनीवर पडलेला थेंब पंपाच्या दाबाने बाहेर फेकला गेला की एखाद्या सीलमधून (तेल अडवणाऱ्या कड्यातून) नुसता पाझरला, हे त्याच्या रंगावरून किंवा वासावरून सांगता येत नाही. मी आता पहिला भेद वेळेवरून करतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना खालच्या पुठ्ठ्यावर डाग पडत असेल, तर गळती बहुधा बिनदाबाच्या बाजूची असते, म्हणजे अ‍ॅक्सलचे सील, घराचे गॅस्केट किंवा ड्रेन प्लग. इंजिन चालू असताना आणि विशेषतः लीव्हर ओढल्यावर ओलावा वाढत असेल, तर पंपापासून सिलिंडरपर्यंतचा दाबाचा मार्ग तपासावा लागतो. थेंब लहान म्हणून दुर्लक्ष करण्यातही अर्थ नाही. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने २४ तासांत ४ लिटरांहून अधिक तेल जाते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चालू इंजिनावर होजवरून (रबरी नळीवरून) किंवा पाईपवरून हात फिरवून गळती शोधण्याची सवय अनेकांना असते, आणि ती मलाही होती. या यंत्रणेतला दाब १५० बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. होजला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, परंतु ती हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याइतकीच खूण राहते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि आतल्या ऊती मात्र मरू लागतात; काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून शोधताना मी लांब पुठ्ठ्याचा तुकडा वापरतो. सांधा सोडण्यापूर्वी लोडर आणि मागचे अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, प्रत्येक लीव्हर सगळ्या दिशांना दोन-तीन वेळा हलवतो, म्हणजे अडकलेला दाब निघून जातो.

पहिली गळती अगदी किरकोळ होती. सुमारे ६० तासांवर मागच्या क्विक कपलरच्या (अवजाराच्या नळ्या झटकन जोडायच्या सांध्याच्या) तोंडाशी तेल साचू लागले. कपलरला टोपी न लावता काम केल्यामुळे आत माती गेली होती आणि तिने आतली ओ-रिंग (रबरी गोल कडे) कापली होती. ओ-रिंग बदलली, टोप्या लावायची सवय लावून घेतली, विषय संपला.

दुसऱ्या गळतीने मला चांगलेच फिरवले. पुढच्या अ‍ॅक्सलखाली, स्टिअरिंग सिलिंडरच्या बरोबर खाली थेंब पडत होते. सिलिंडर तेलाने माखलेला होता, तेव्हा दोषी तोच असे गृहीत धरून मी त्याचे सील बदलून घेतले. चार दिवसांत पुन्हा तीच ओल. मग मात्र पूर्ण पुढची बाजू डिझेलने धुतली, फडक्याने कोरडी केली आणि लोडरच्या व्हॉल्व्हपासून अ‍ॅक्सलपर्यंत टाल्कम पावडर भुरभुरवली. दहा मिनिटे इंजिन चालवून लोडर वर-खाली केल्यावर पांढऱ्या थरावर एक करडी रेघ उमटलेली दिसली. ती व्हॉल्व्हच्या खालच्या अडॅप्टरपासून (जोडतुकड्यापासून) सुरू होऊन लोडरच्या चौकटीच्या आतल्या कडेने खाली उतरत होती आणि अ‍ॅक्सलवर येऊन ठिबकत होती. उगम आणि थेंब यांच्यात जवळजवळ एक मीटरचे अंतर होते.

तो अडॅप्टर मीच बसवलेला होता, हे इथे कबूल करावे लागते. लोडरची एक होज लांबवण्यासाठी मी पेटीत पडलेला अर्ध्या इंचाचा अडॅप्टर घेतला होता. व्हॉल्व्हचे आटे अर्ध्या इंचाच्या बीएसपी (ब्रिटिश पाईप) मापाचे, आणि अडॅप्टर निघाला एनपीटीचा (अमेरिकन पाईप मापाचा). या मापात दोन्ही प्रकारांना इंचाला १४ आटे असतात आणि व्यासही इतका जवळचा असतो, की हाताने काही आटे विनासायास चढतात आणि पाना लावल्यावर सांधा घट्ट बसल्यासारखा वाटतो. फरक आट्यांच्या कोनात आहे : बीएसपीचा ५५ अंश, एनपीटीचा ६०. शिवाय एनपीटीचे आटे निमुळते असतात आणि ते स्वतःच सील करतात, तर माझ्या व्हॉल्व्हवरच्या समांतर बीएसपी आट्यांचे काम केवळ आवळून धरण्याचे असते. तेल अडवण्याचे काम खालचे बॉन्डेड वॉशर (रबर चिकटवलेले धातूचे वॉशर) करते. मी तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेली होती. योग्य अडॅप्टर आणि नवे वॉशर बसवल्यापासून तो सांधा कोरडा आहे. टेपने मात्र जाता जाता आणखी एक आठवण ठेवली. पुढच्या वेळी फिल्टर बदलताना त्याच्या घड्यांत पांढऱ्या टेपची बोटभर लांबीची चिंधी अडकलेली सापडली. तीच चिंधी व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (तेलाची वाट बदलणाऱ्या आतल्या सरकत्या दांड्यात) अडकली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा. फ्लेअरच्या (पसरट तोंडाच्या), ओ-रिंगच्या आणि वॉशरच्या सांध्यांवर टेप वापरणे मी तेव्हापासून बंद केले.

तिसरी गळती दोन महिने चालली. लिफ्टचे दोन्ही हात ज्या आडव्या शाफ्टवर बसतात, त्याच्या उजव्या टोकाशी तेल दिसू लागले. हात काढला, ओ-रिंग बदलली, दोन दिवसांत पुन्हा ओल. उघडून पाहिले तर नव्या ओ-रिंगला एक बारीक काप गेलेला होता, कारण ती सरकवताना शाफ्टच्या स्प्लाईनच्या (उभ्या खाचांच्या) धारेवरून गेली होती. दुसऱ्या वेळी स्प्लाईनवर चिकटपट्टी गुंडाळली, ग्रीस चोपडले आणि नवी ओ-रिंग अलगद बसवली. या वेळी काम बिनचूक झाल्याची माझी खात्री होती. तरीही आठवड्याभरात ओघळ दिसलाच. सेवा केंद्रातल्या मेकॅनिकने शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ते कडे) झिजले असल्याचे सांगितले आणि लिफ्टचे पूर्ण घर उघडण्याचा सल्ला दिला. त्या तयारीत मी होतोही.

ते काम टळले ते एका योगायोगाने. दोन तास रोटाव्हेटर चालवून झाल्यावर तेलाची पातळी पाहण्यासाठी डिपस्टिक सैल केली, तेव्हा आतून स्पष्ट ‘फुस्स’ असा आवाज आला. बिनदाबाच्या घरात दाब असण्याचे कारण नव्हते. मग आजवर दुर्लक्षिलेली एक गोष्ट ध्यानात आली : ही गळती सकाळी, थंड तेलावर कधीच दिसली नव्हती; ती नेहमी यंत्र तापल्यावर सुरू होत असे. गिअरबॉक्सच्या घरात तेलावर हवेची पोकळी असते. तेल तापले की ती हवा प्रसरण पावते, आणि तिला बाहेर पडायला ब्रीदर नावाची एक लहानशी टोपी ठेवलेली असते. माझ्या ट्रॅक्टरवर ती सीटच्या खाली, अशा जागी आहे की तिथे धूळ आणि तेल यांचे काळे मिश्रण साचून सिमेंटसारखे घट्ट झाले होते. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर आतला दाब सर्वांत दुबळ्या सीलवर येत होता आणि तेलाला तिथून ढकलत होता. ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवला, हवेने फुंकून पुन्हा बसवला. पाच मिनिटांचे काम. त्यानंतर २९० तास झाले, तीच ओ-रिंग आणि तेच ‘झिजलेले’ बुश आहे, आणि शाफ्टचे टोक कोरडे आहे. तेल खुणेच्या वर भरल्यानेही असाच परिणाम होतो. म्हणून पातळी तपासताना ट्रॅक्टर सपाट जागी, लोडर आणि लिफ्ट खाली उतरवलेली असावी; सिलिंडर बाहेर आलेले असताना पातळी कमी दिसते आणि माणूस वरून तेल ओतत राहतो.

चौथ्या खेपेला जमिनीवर एकही थेंब पडला नाही. फिल्टर बदलल्यानंतर काही दिवसांनी पंप कण्हू लागला, लिफ्ट झटके देत वर जाऊ लागली आणि डिपस्टिकवर तेल फिकट, फेसाळ दिसू लागले. पाणी शिरल्यानेही तेल दुधाळ होते, त्यामुळे आधी ती शंका फेडून घेतली. काचेच्या बरणीत थोडे तेल काढून रात्रभर ठेवले. सकाळी ते वरपासून तळापर्यंत स्वच्छ झालेले होते. पाणी असते तर तेल गढूळच राहिले असते किंवा तळाशी थर दिसला असता. म्हणजे हवा जात होती, आणि ती सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढून घेतो त्या बाजूने. पंपाच्या या बाजूला दाब वातावरणाहून कमी असतो, त्यामुळे सांधा सैल असला तरी चालू यंत्रात तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. इंजिन मंद चालवून मी सक्शनच्या एकेका सांध्याभोवती घट्ट ग्रीस लिंपत गेलो. फिल्टरजवळच्या पाईपच्या वळणावर ग्रीस लावताच पंपाचा सूर उतरला. फिल्टरपर्यंत हात पोहोचावा म्हणून तो पाईप मीच हलवला होता, आणि आतली ओ-रिंग दबून चपटी झालेली असूनही तीच परत बसवली होती. नव्या ओ-रिंगने आवाज थांबला.

यांखेरीज एक आतली गळती आहे, ती मी जाणूनबुजून तशीच ठेवली आहे. इंजिन बंद केल्यावर मागे उचललेले अवजार तासाभरात वीतभर खाली येते. सिलिंडरचे सील गेले आहे, की तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून निसटते आहे, हे ओळखण्याची सोय माझ्या ट्रॅक्टरवर आहे : अवजार खाली येण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद केला, की सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला मार्ग तुटतो. मी तसे करून पाहिले तेव्हा अवजार तासभर जागचे हलले नाही, अर्थात सिलिंडर ठीक आहे आणि तेल व्हॉल्व्हमधून जाते. लोडरच्या हातांचेही तसेच. ते खाली येतात म्हणून पिस्टनचे सील बदलायला निघालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दांडा आत शिरताना त्याच्या आकारमानाइतके तेल सिलिंडरबाहेर जावे लागते, त्यामुळे दोन्ही तोंडे खरोखर बंद असतील तर पिस्टनचे सील फाटले तरी हात फार खाली येऊ शकत नाहीत. बाहेर गळती नसताना हात जमिनीपर्यंत उतरत असतील, तर तेलाची वाट स्पूलमधून आहे. स्पूल आणि त्याचे घर यांत सील नसून केवळ अत्यंत बारीक फट असते, तेव्हा थोडे उतरणे नव्या यंत्रातही असतेच. उचललेल्या अवजाराखाली किंवा लोडरखाली आधार दिल्याशिवाय जाऊ नये, एवढे पाळले तर या दोषासाठी व्हॉल्व्ह उघडण्याची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

साधनांबद्दल थोडेसे. तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा मी घेतला होता. अ‍ॅक्सलच्या घराभोवतीचा मंद पाझर शोधायला तो उपयोगी पडला, पण आधी धुऊन न घेतल्यास जिकडेतिकडे चमक दिसते आणि गोंधळ वाढतो. दहापैकी आठ वेळा पावडर पुरते. आट्यांचे माप घेण्याची कंगव्यासारखी पट्टी आणि व्हर्निअर ही दोन साधने मात्र मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

सध्या ६३० तासांवर लोडरच्या डाव्या बकेट सिलिंडरच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर दिसतो. दांड्याच्या क्रोमवर नखाला लागेल असा एक ओरखडा आहे, बहुधा दगड उडून पडलेला. त्याची कड बारीक तेलदगडाने घासून मऊ केली आहे आणि उभा करताना तो दांडा पूर्ण आत राहील असे पाहतो. थेंब पडू लागला की सील बदलेन. तोवर आठवड्याला एकदा फडक्याने पुसून थर वाढला का, एवढेच पाहतो आहे.