एडीएचडीची तपासणी: लहानपणी, किशोरवयात की मोठेपणी?

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, चुळबुळीचा आणि उतावीळपणाचा त्रास, नेमका काय असतो, त्याची लक्षणं कोणती, हे इथे सांगत बसत नाही. हे वाचायला घेतलंत म्हणजे तेवढं तुमचं वाचून झालेलं असणार, आणि तेही बहुधा दुसरं एखादं काम अर्धवट टाकून. अडतं ते ‘कधी’पाशी. मुलाला आत्ताच न्यावं की जरा मोठं होऊ द्यावं? आणि शंका स्वतःबद्दलच असेल तर, इतकी वर्षं निभावलंच की, आता कशाला?

आमच्या घरात तिन्ही प्रकार झाले. आधी माझी तपासणी झाली, चाळिशी जवळ आल्यावर. मग थोरल्या मुलीची, नववीत असताना, आणि त्याच सुमारास धाकट्याची, तिसरीत. एकाच घरात तिघं म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. जुळ्यांवरच्या अभ्यासांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. अर्थात, तिघांच्या अनुभवावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकतं.

तुलना करताना मी एकच गोष्ट धरून चाललोय. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅन काढून निदान होत नाही. संगणकावर बटण दाबायच्या चाचण्या असतात, पण नुसत्या त्यांच्या भरवशावर कुणी जाणता तज्ज्ञ निकाल देत नाही. सगळा डोलारा उभा असतो माणसांच्या सांगण्यावर. तपासणी कोणत्या वयात होते त्यावर साक्षीला कोण येणार ते ठरतं, आणि माझ्या मते बाकीचं सगळं त्यामागून येतं.

धाकट्याच्या वेळी साक्षीदार हाताशी होते. त्रास दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवा असा निकषच आहे, त्यामुळे एक फॉर्म घरच्यांना आणि एक शाळेला. प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी. त्या वयात बहुतेक विषय एकच बाई शिकवतात, मूल दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. आमच्या बाईंनी रकाने तर भरलेच, वर समासात लिहिलं: ‘तोंडी उत्तर सर्वांच्या आधी. फळ्यावरचे उतरवताना तिसऱ्या ओळीला पेन्सिल बाकाखाली, आणि पेन्सिल शोधायला गेलेला मुलगाही बाकाखालीच.’ आम्ही घरी जे पाहत होतो आणि त्या वर्गात जे पाहत होत्या, ते आपसात काहीही न ठरवता जुळलं. तज्ज्ञांना कुणाच्या स्मरणशक्तीला ताण द्यायला लावावा लागला नाही. सगळं चालू वर्तमानकाळात होतं.

या वयात खोट नाही असं मात्र नाही. मुलाला स्वतःला विचारून फारसं काही हाती लागत नाही. ‘तुझं लक्ष कुठे जातं?’ या प्रश्नाला आमच्या चिरंजीवांचं उत्तर होतं, ‘कुठे नाही, इथेच असतं.’ आणि वर्गातलं वय बघायलाच हवं. शाळाप्रवेशाची सीमा १ सप्टेंबर असलेल्या अमेरिकी राज्यांवरचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांमध्ये हे निदान सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त दिसलं. वर्षभराने लहान असलेलं मूल तसंच वागलं तर त्याला काय आजार म्हणायचं? तुमचं मूल वर्गातल्या धाकट्यांपैकी असेल तर हा मुद्दा तपासणीत तुम्ही स्वतः काढा. ऐकू नीट येतंय ना, दिसतंय ना, झोप पुरी होतेय ना, वाचनातच वेगळी अडचण नाही ना, हेही आधी बघून घ्यावं.

चार-पाच वर्षांच्या मुलाबाबत मी तरी घाई करणार नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना चौथ्या वर्षापासून तपासणी मान्य करतात, पण सहाच्या आतल्या मुलांसाठी त्याही पहिली पायरी औषधाची ठेवत नाहीत, पालकांच्या प्रशिक्षणाची ठेवतात.

‘मोठा झाला की होईल ठीक’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते अगदीच पोकळ नाही. २००७ साली मेंदूच्या स्कॅनवर झालेल्या एका अभ्यासात, मेंदूच्या बाह्यस्तराचा निम्मा भाग कमाल जाडीला पोचण्याचं वय एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साधारण साडेदहा आणि इतरांमध्ये साडेसात निघालं. म्हणजे उशीर आहे, वाट तीच आहे. पण मधली तीन वर्षं शाळा थांबत नाही, आणि त्याच वर्षांत पोर स्वतःबद्दल एक मत बनवून मोकळं होतं. शिवाय बऱ्याच जणांची लक्षणं मोठेपणीही टिकतात.

आता मुलीबद्दल. लहानपणी तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण ती कुणाला त्रासच देत नव्हती. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी कुठल्या वर्गात खटकते? मुलींमध्ये हे निदान उशिरा होण्याचं हे एक ठरलेलं कारण. किशोरवयातल्या तपासणीचा मोठा गुण म्हणजे मूल स्वतः बोलू शकतं. ‘वाचते, पान उलटते, आणि मग कळतं की डोळे फिरले, वाचलं काहीच नाही,’ हे तिने आम्हाला बाहेर बसवून एकटीने सांगितलं. असं वाक्य आठ वर्षांच्या मुलाकडून मिळत नाही. या वयात बाहेरची वळवळ कमी होऊन आतली बेचैनी उरते, आणि ती ज्याची त्यालाच ठाऊक.

साक्षीदारांच्या बाबतीत मात्र हे वय नाठाळ. विषयागणिक शिक्षक वेगळे, प्रत्येकाला मूल दिसतं ते तासाभरापुरतं. मुलीच्या एका शिक्षकांनी फॉर्मवर ‘कधीकधी’च्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढून दिली होती. चित्रकलेच्या बाईंचं मत होतं की हिच्याइतकं एकाग्र कुणीच नाही. तेही खरंच होतं, आवडत्या गोष्टीत अशी मुलं बुडून जातात. त्यातून या वयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, चिंता आणि नैराश्य डोकं वर काढतात, आणि लक्ष न लागण्याचं कारण यातलं नेमकं कोणतं ते सोडवायला तज्ज्ञांना दोन-चार बैठका जास्त लागतात. परीक्षेचं वर्ष असेल तर ‘सवलतीसाठी चाललंय सगळं’ असा वास लोकांना येतो, तो वेगळाच.

तरीही, घरात शंका असलेलं किशोरवयीन मूल असेल तर अठरा पूर्ण होण्याआधी जा एवढं मी जरूर म्हणेन. त्यानंतर मुलांचे तज्ज्ञ सुटतात आणि मोठ्यांचे तज्ज्ञ नव्याने पाटी कोरी करून विचारायला लागतात. निकषही बदलतो: सोळा वर्षांपर्यंत एका गटातल्या (लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या) नऊपैकी सहा लक्षणं लागतात, सतरापासून पाच. हे ऐकून मोठ्यांचं सोपं असेल असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मोठेपणी तपासणीला जाण्यात एक सुख आहे. कुणी ओढून नेत नाही. आपलं आपण ठरवतो, सगळं जवळून जगलेलं असतं, शब्दही सापडलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची यादी आहे, त्यातले पहिले सहा चाळणीचे. ते पाच मिनिटांत होतात. पण ती चाळणीच, निदान नव्हे. खरं काम सविस्तर मुलाखतीत होतं, आणि तिथे प्रत्येक लक्षणाचे दोन भाग असतात: आत्ता कसं आहे, आणि लहानपणी कसं होतं. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असायला हवीत. २०१३पूर्वी ही अट सातव्या वर्षाची होती, म्हणजे आता सैलच केली आहे म्हणायची.

माझं घोडं अडलं ते या दुसऱ्या भागावर. आत्ताची उदाहरणं मी धडाधड दिली. लहानपणीचं विचारलं की माझ्याकडे ‘असेल बहुधा’च्या पलीकडे काही नव्हतं. प्रगतिपुस्तकं सापडली, पण शेऱ्याच्या रकान्यात नुसत्या सह्या. मग आईला बोलावलं. तिने तज्ज्ञांना ठणकावून सांगितलं, ‘हा? अगदी गुणी पोर. कधी काही विसरला नाही, कधी वही घरी राहिली नाही.’ मी मनातल्या मनात फाइल बंद केली. तज्ज्ञ बाई अनुभवी असाव्यात. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘दप्तर कोण भरायचं?’

‘मीच की. मी त्याला विसरू देत होते होय?’

आणि मग सगळं निघालं. रात्री वह्या ती लावायची, गृहपाठाला शेजारी बसून ओळ बोटाने दाखवायची, शाळेच्या वाटेत पुढच्या तासाला काय आहे ते वदवून घ्यायची. लक्षणं होती, आईने ती कुणाला दिसू दिली नव्हती. त्या बाईंनी योग्य प्रश्न विचारला म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी ‘आई नाही म्हणते’ एवढं लिहून ठेवलं असतं तर त्यांनाही दोष देता आला नसता. ज्यांचे आईवडील हयात नाहीत, किंवा ज्यांच्याशी बोलणंच उरलेलं नाही, त्यांनी काय करायचं? तज्ज्ञ भावंडांना विचारतात, जुने मित्र चालतात, पण घर रिकामं झाल्यावर शेजाऱ्यांकडून हकिकत गोळा करावी, तसला तो प्रकार.

ही अट उगाच ठेवलेली नाही हेही कबूल करायला हवं. मोठेपणी अचानक सुरू झालेल्या एडीएचडीची बरीच चर्चा झाली, पण २०१८च्या एका अभ्यासात अशा लोकांना वर्षानुवर्षांच्या नोंदींसह नीट तपासलं तेव्हा बहुतेक जण गळाले. लक्षणं भासत होती, पण त्यामागे व्यसन किंवा दुसराच मानसिक आजार निघाला. बालपणाचा पुरावा मागणं बरोबरच आहे. वैताग इतकाच की तो मागितला जातो तेव्हा तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो.

धाकट्याला तिसरीत नेलं ते यामुळे. थांबलो असतो तर साक्ष थांबणार नव्हती, दर वर्षी बाई बदलणार आणि मागच्या बाई विसरणार. माझा कल विचाराल तर सात ते दहाच्या दरम्यान, मूल शाळेत रुळल्यानंतर. तपासणी म्हणजे लगेच गोळी नव्हे, तो निर्णय वेगळा आणि सावकाश घेता येतो, निदानही पुढे पुन्हा तपासता येतं. ज्यांच्या घरी शाळेशीच पटत नाही, किंवा मूल दुसऱ्या कशातून जात आहे, त्यांनी थांबणं समजू शकतो.

थांबणार असाल तर वह्या, शिक्षकांच्या चिठ्ठ्या, प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका. आणि तुमची स्वतःची वेळ टळून गेली असेल तर जायचं रद्द करू नका, फक्त आधी घरी एक बैठक घ्या. ‘मी लहानपणी कसा होतो?’ असं विचारलंत तर ‘छान होतास’ एवढंच मिळेल. ‘माझ्यासाठी तुला रोज काय काय करावं लागायचं?’ असं विचारा, जे सांगितलं जाईल ते तेव्हाच्या इयत्तेसकट लिहून घ्या, आणि तो कागद घेऊनच भेटीला जा.