बसस्टँडमागचं गॅरेज: सर्व्हिसिंग १०३० रुपये, पक्कं बिल मिळत नाही

गॅरेजला पाटी नाही. अमळनेरात बसस्टँडच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड आणि समोर जुन्या टायरांची चळत, तेवढीच खूण.

माझ्या मोटरसायकलच्या परवाच्या सर्व्हिसिंगचा हिशेब आधी देतो, कारण लोक पहिलं तेच विचारतात. ऑइल ३६०, प्लग ११०, मागचे ब्रेक शू १९०, क्लच वायर १२०, मजुरी २५०. झाले १०३०. मजुरीत टॅपेट सेटिंग (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं), चेन धुऊन ताणणं, पुढचा ब्रेक उघडून साफ करणं आणि जिथे लागेल तिथे ग्रीस, एवढं आलं. वॉशिंग शेजारच्याकडे, त्याचे पैसे वेगळे.

मी पिग्मी एजंट. गाडी १०० सीसीची, कार्ब्युरेटरवाली. दुकानादुकानाशी थांबायचं, पन्नास-शंभर घ्यायचे, मशीनमधून पावती काढून द्यायची, की पुढे. किलोमीटर फार पडत नाहीत, पण क्लच आणि ब्रेकला उसंत नसते. त्यामुळे इतक्या किलोमीटरला हे बदला आणि तितक्याला ते, हे कंपनीचं कोष्टक माझ्या गाडीला जसंच्या तसं बसत नाही. या मिस्तरीला ते सांगावं लागलं नाही. क्लच दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाला, "आप्पा, वायरन्या तारा तुटेल शेतस." वायर ओढून काढली, टोकाशी सुटलेले धागे दाखवले, मग नवी टाकली. काढलेले ब्रेक शूही हातात दिले, लायनर पार झिजलेलं. चेनसेटचं, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं (स्प्रॉकेट) बदलायचं, मीच विचारलं. त्याने मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून पाहिली आणि "आते नको" म्हणून विषय संपवला. हजाराच्या वरचं काम होतं ते.

याच चेनसेटसाठी एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये "बदलावाच लागेल" असं ऐकून आलो होतो. तिथे नुसती मजुरी ४५०, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१. शिवाय इंजिनात ओतायची कसलीशी बाटली, शिवाय 'कन्झ्युमेबल' ७५ रुपये. हे काय असतं विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ग्रीस आणि पुसायचं कापड. ७५ रुपयांत आमच्या बाजारात टॉवेल येतो.

ऑइलच्या बाबतीत गॅरेजवाला पक्का आहे. इंजिन थोडं गरम करून जुनं ऑइल काढतो, पूर्ण निथळू देतो आणि नव्याची सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडतो. बाटलीवर 'जासो एमए', म्हणजे दुचाकीच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलेलं मी स्वतः वाचलं. ते बघायला हवं, कारण आपल्या गाड्यांत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलात बुडालेल्या असतात. कारचं ऑइल पडलं तर क्लच सटकायला लागतो, आणि मग प्लेटांचा खर्च. सुटं ऑइल मापाने ओतणारे वीस-पंचवीस रुपये वाचवून देतात, त्यांच्याकडे मी जात नाही.

स्पेअरच्या किमतीतही घासाघीस करावी लागली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ब्रेक शूच्या खोक्यावर जुनीच एमआरपी होती, ती त्याने आपणहून कमी धरली.

पटलं नाही ते एअर फिल्टरचं. कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि तोच परत बसवतो. फोमचा असेल तर धुता येतो. माझ्या गाडीत तेल लावलेला कागदी फिल्टर आहे. तो हवेने साफ होत नाही, भरला की बदलायचाच असतो, आणि मार्चपासून आपल्याकडे जी धूळ उडते तीत तो लवकर भरतो. नवा विकत घेऊन नेला तर मुकाट्याने बसवून देतो, वेगळे पैसे लावत नाही. पण न्यावा आपणच लागतो.

पक्कं बिल नाही. वहीच्या अर्ध्या कागदावर आकडे लिहून देतो. ऑफिसातून खर्च काढणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. वॉरंटीतली गाडीही इथे आणू नका, पुढे काही निघालं तर कंपनी सर्व्हिसच्या नोंदी मागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. त्यांचं ऑइल, ब्रेक, चेन हा करून देतो, पण मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर हात लावत नाही. बिघाड वाचायचा स्कॅनर नाही त्याच्याकडे, आणि तसं तोंडावर सांगतो. अंदाजाने सेन्सर बदलत बसणाऱ्यांपेक्षा हे बरं.

मंगळवार टाळा. मंगळग्रह मंदिराला बाहेरगावच्या गाड्या येतात, पंक्चर आणि हवेसाठीच रांग लागते. इतर दिवशी सकाळी नऊच्या आत गाडी लावली तर जेवणाआधी हातात मिळते. यूपीआय चालतं, पण सुटे दिले की जास्त खूश होतो. मला ते जड नाही, पिग्मीवाल्याच्या पिशवीत दुसरं असतं काय.