हळूहळू कमी करावी की एका दिवसात बंद? सिगारेट सोडण्याचे मार्ग शेजारी शेजारी ठेवून

आमच्याकडे गोव्यात फोंड्याला जत्रेच्या नाटकाची तालीम रात्री दहाला सुरू होते आणि साडेदहाला पहिलं "जरा बाहेर जाऊन येतो" होतं. मी सतरा वर्षं असा बाहेर जाऊन येत होतो. दोनदा हळूहळू कमी करून पाहिली, तिसऱ्यांदा तारीख ठरवून बंद केली. टिकली ती तिसरी खेप. तेव्हा माझं माप कुठे झुकतंय ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

कमी करण्यात गोम अशी की शरीर आपला निकोटिनचा वाटा वसूल करतंच. पंधरावरून मी पाचावर आलो खरा, पण त्या पाच फिल्टर गरम होईपर्यंत ओढायचो. झुरका खोल, धूर आत जास्त वेळ. शिवाय "पाचच तर आहेत" हा हिशेब हृदयाला कळत नाही. वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास तो दिवसाला एकच ओढणाऱ्याचाही वाढतो.

ब्रिटनमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांनी दोन आठवडे कमी करत नेऊन मग सोडली, बाकीच्यांनी ठरल्या दिवशी एकदम. चार आठवड्यांनी एकदम सोडणारे ४९ टक्के टिकून होते, कमी करत आलेले ३९ टक्के. म्हणजे हळूहळूवाल्यांचंही जमतं. "उद्यापासून बंद" म्हटल्यावरच ज्याला घाम फुटतो त्याने खुशाल कमी करत जावं, पण शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून. माझ्या पहिल्या दोन खेपांत नेमकी तारीखच नव्हती.

एकदम सोडलीत तर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, घरच्यांवर उगाच ओरडणं. तीन-चार आठवड्यांत ते ओसरतं. तल्लफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा. तारीख मात्र चवथीला, जत्रेला किंवा हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत धरू नका. ग्लास हातात आला की दुसरा हात आपोआप खिशात जातो.

नुसत्या निर्धारावर सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन-पाच जण वर्षभर टिकतात. म्हणून आधार घ्यायला लाजू नये. कुठला घ्यायचा हे ठरवायला एक सोपी खूण: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटते का? पेटत असेल तर सवय घट्ट आहे, तुम्हाला जोरदार मदत लागेल.

निकोटिनची गम सगळ्यात सोयीची, आणि सगळ्यात चुकीची वापरली जाणारीही. मी ती चिंगमसारखी कराकरा चघळली आणि दुसऱ्या अंकात भर दरबारात महाराजांना उचकी लागली. ती हळू चावायची, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा चावायची. एक गम साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं सोलकढी, लिंबूसोडा, कॉफी काही नको. तोंडात आंबट असलं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची, बाकीच्यांना २ ची.

पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची पट्टी, दिवसभर एकसारखं निकोटिन देतो. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणारा सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतो, मग १४, मग ७. एकूण आठ-दहा आठवडे. अचानक आलेल्या तल्लफेला तो उत्तर देत नाही, म्हणून पॅच आणि वर गरजेपुरती गम ही जोडी एकट्या पॅचपेक्षा सरस ठरते. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने कडा सुटतात. अंग कोरडं करून, केस नसलेल्या जागी, रोज जागा बदलून लावा. झोपेत भलतीसलती स्वप्नं पडू लागली तर रात्री काढून ठेवा.

तल्लफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लीनच्या गोळ्या या जोडीच्या तोडीच्या. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून बारा आठवडे घ्यायच्या. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. बुप्रोपिऑन ही गोळी हा दुसरा पर्याय, पण फिट येणाऱ्यांसाठी नाही. दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नकोतच. गरोदर बाईने किंवा नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेल्याने गमसुद्धा विचारूनच घ्यावी.

किनाऱ्यावर पर्यटकांच्या हातात दिसतं ते व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, या यादीत नाही. त्याच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

फुकटचा आणि सगळ्यांनी दुर्लक्षिलेला आधार पाकिटावरच छापलेला असतो: तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६. समोरासमोर बोलायचं असेल तर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याची सोय विचारा. मी फोनच केला. संध्याकाळी, तालमीला निघण्याआधी.